अमोनियाची वीट

ओवी भाटकरने हातमोजे काढून ठेवले, ती पांढरी वीट उघड्या तळहातावर घेतली आणि कासरवेळच्या जेटीवर जमलेल्या माणसांना म्हणाली, "यात अमोनिया आहे."

गर्दी चटकन मागे सरकली. मग ओवीला काहीच होत नाही, ती हसतेच आहे, हे पाहून पुन्हा पुढे आली. म्हावरं विकणाऱ्या बायकांनी टोपल्या खाली ठेवून वाकून पाहिलं. एकीने बोट लावलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

"वास येता, पण अगदी बारीक," ती म्हणाली.

"तेवढाच येणार," ओवी म्हणाली. "अशा विटा खणात रचायच्या आणि समुद्रात जायचं. पाइप नको, टाकी नको, दाब नको. इंजिनाच्या धुराची जी ऊब वाया जाते, तिच्यावरच यातला अमोनिया हळूहळू मोकळा होतो आणि इंजिनात जातो. विटा रिकाम्या झाल्या की परत आणून द्यायच्या, भरलेल्या घेऊन जायच्या."

ओवीच्या मागे चार हातांवर तिची थोरली बहीण शाल्मली उभी होती. पायापासून डोक्यापर्यंत जाड रबरी पोशाख, काचेचा मुखवटा, कोपरापर्यंत मोजे. जेटीवर अमोनिया आला की सुरक्षा अधिकाऱ्याने याच वेषात उभं राहायचं, हा नियम तिनेच केला होता आणि तो मोडायला ती स्वतः तयार नव्हती.

"मॅडम, आता तरी ता चिलखत काढा!" दिगू तांडेल, एका ट्रॉलरचा कप्तान, गर्दीतून ओरडला. माणसं खदखदून हसली. दिगूच्या मनात काही वाईट नव्हतं, शाल्मलीला तो फार मानायचा. त्याचं हसणं ती विसरूनही गेली असती. पण ओवीने वळून पाहिलं आणि तीही हसली. मुखवट्याच्या आत शाल्मलीचं तोंड कडू झालं.

डिझेलच्या बोटी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज, हवेतला नायट्रोजन आणि पाण्यातला हायड्रोजन यांच्यापासून बंदराबंदरावर अमोनिया तयार होऊ लागला होता. तो जाळला तर धुरात कार्बन नसतो. त्याची ओळख तशी जुनीच. बर्फाच्या कारखान्यांनी त्याच्यावर शंभर वर्षं बर्फ पाडला होता, शेतीला लागणारं निम्मं खत त्याच्यापासून बनत होतं. आता तो इंधनही झाला होता.

पण खतातला अमोनिया आणि टाकीतला अमोनिया यांत फरक असतो. टाकीतला निर्जल, म्हणजे पाण्याचा टिपूसही नसलेला. दाब दिला की त्याचा द्रव होतो आणि दाब सुटला की उकळून वाफ होते. आणि त्याला पाण्याची विलक्षण तहान असते. जिथे ओल मिळेल तिथे तो धावतो, आणि माणसाच्या अंगात ओल असते ती डोळ्यांत, घशात आणि फुफ्फुसांत.

शाल्मली कासरवेळच्या इंधन केंद्राची सुरक्षा प्रमुख म्हणून आली, तेव्हा हे कुणाला धड माहीत नव्हतं. खलाशी पितळेचे जोड लावायचे आणि अमोनिया ते खाऊन टाकायचा. टाक्या गळ्यापर्यंत भरायचे, ऊन वाढलं की द्रव फुगतो याचा विचार न करता. तिने एकेकाला धरून शिकवलं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आधी बघा, मग झडपेला हात लावा. गळती झाली तर वाऱ्याला आडवे पळा. डोळ्यात गेला तर पाणी, पाणी आणि पाणी, किमान पाव तास, माणूस कितीही ओरडला तरी. इतक्या वर्षांत कासरवेळला अमोनियाने एकही माणूस गेला नाही. पण जे घडलंच नाही त्याबद्दल कोण सत्कार करणार?

ओवीचा सत्कार मात्र होत होता. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष खोबरेकर तिच्या गळ्यात हार घालत होते.

---

त्या दिवशी दुपारी ओवी बहिणीकडे जेवायला थांबली. शाल्मलीचा नवरा नचिकेत कुडाळच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्यानेच मेव्हणीसाठी सुरमई तळली होती.

"मला नीट समजावून सांग," तो म्हणाला. "हे आहे तरी काय?"

"मीठ," ओवी म्हणाली. "मिठागरात खायचं मीठ काढून झालं की खाली जे कडू पाणी उरतं ना, त्यातलं मॅग्नेशियमचं मीठ. ते अमोनिया पितं. स्पंजासारखं. एका रेणूला सहा रेणू चिकटतात. हे जुनंच आहे, सगळ्यांना माहीत होतं. अडचण दोन गोष्टींची होती. अमोनिया प्यायला की मीठ फुगतं आणि सोडला की आकसतं, त्यामुळे त्याचा भुगा होतो. शिवाय समुद्राची दमट हवा लागली की ते पाणी पितं. मी त्याला एक जाळी दिली आणि वरून पाणी न शिरणारी साय चढवली."

"आणि जग बदललंस," नचिकेत म्हणाला.

शाल्मलीने भाताचं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

"ताई, एक विचारू?" ओवीने तिच्याकडे वळून विचारलं. "पावसाळ्यानंतर केंद्राची टाकी बंद होईल. तेव्हा तू माझ्या प्रकल्पात ये ना. सगळ्या किनाऱ्यावरच्या बंदरांचं प्रशिक्षण तू बघ. तुझ्याइतकं कोणाला जमणार नाही."

"तुझ्या हाताखाली?"

"माझ्याबरोबर."

"रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा?"

ओवीला हसू आलं. ताई थट्टा करतेय असं तिला वाटलं. "दे माझ्याकडे. लगेच मंजूर!"

शाल्मलीही हसली आणि भात वाढू लागली. मूलद्रव्यांची नावं या मुलीला तिनेच शिकवली होती, गोष्टीतल्या राजे-राण्यांसारखी. कोण कोणाशी लग्न करतं, कोण कोणाशी कधीच बोलत नाही. ओवीला पहिला नंबर मिळाला की आधी तीच नाचायची. मग कधीतरी ते नाचणं थांबलं. ते कधी थांबलं, हे तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. ओवीने तिचं काही हिरावून घेतलं नव्हतं. कुणीच तिच्यावर अन्याय केला नव्हता, आणि अडचण तीच होती. रागवायला कारण असतं तर रागावून मोकळं तरी होता आलं असतं.

---

नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली आणि बघता बघता निम्म्याहून अधिक ट्रॉलर विटांवर गेले. तांडेल खूश होते. शाल्मलीच्या टाकीकडे येणाऱ्या बोटी रोडावल्या. दुपारी ती कापडी नळीकडे बघत बसायची. वारा तिला फुगवायचा, फिरवायचा, पण तिच्याकडे बघून झडपेला हात लावणारं कुणी उरलं नव्हतं.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी ती दिगू तांडेलाच्या बोटीवर तपासणीला चढली. चढताक्षणी तिच्या नाकात सणक गेली.

"दिगूदादा, वास येतोय."

"खयचो वास?" दिगूने हवा हुंगून पाहिली. "माका तर काय येणा नाय."

इंजिन सांभाळणारा पास्कल फर्नांडिस खालून डोकं काढून म्हणाला, "विटांचो जरासो असता, मॅडम. आमका आता कळणा नाय."

शाल्मलीने खिशातलं हवेतला अमोनिया मोजणारं मापक काढलं. आकडा फार नव्हता, पण 'जरासा'ही नव्हता. सवय नसलेला माणूस तिथे नाकाला रुमाल लावून उभा राहिला असता. हे दोघे चहा पीत होते.

ती तशीच उभी राहिली. अमोनियाची एकच भली गोष्ट होती, ती म्हणजे त्याचा वास. इजा करण्याच्या कितीतरी आधी तो नाकाला कळवतो, पळा. तिची सगळी शिकवण शेवटी नाकावरच उभी होती. टाकीच्या काळात वास येणं म्हणजे काहीतरी बिघडलं असा अर्थ होता. आता वास रोजचाच झाला होता, आणि रोजच्या वासाला नाक सरावतं. ते हळूहळू सांगायचंच सोडून देतं. ओवीच्या विटेने धोका कमी केला होता हे खरं, पण तिने राखणदारालाही झोपवलं होतं.

आणि वास वाढला होता, तो का?

तिने दिगूकडून जुन्या झालेल्या काही विटा मागून घेतल्या. केंद्राच्या मागच्या शेडमध्ये एका बादलीत बोटीच्या तळाचं खारट, माशांच्या रक्ताचं पाणी भरलं आणि एक वीट त्यात सोडली. मुखवटा लावून ती बघत बसली.

काहीच झालं नाही. थोडे बुडबुडे आले, मापक किंचित हललं आणि पुन्हा शांत झालं.

शाल्मलीने मुखवटा काढला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिची निराशा झाली आहे. वीट सुरक्षित निघाली म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. चाळीस कुटुंबांची माणसं त्या विटांवर समुद्रात जात होती. आणि ती मात्र ताटातला पदार्थ कुणी काढून नेल्यासारखी हिरमुसली होती. तिला स्वतःचीच भीती वाटली. ती बादली तशीच टाकून घरी गेली.

पण मनातली शंका जाईना. ही शंका विटेबद्दलची आहे की ओवीबद्दलची, हे तिचं तिलाच ठरवता येईना. शेवटी तिने ठरवलं, आपलं मन खोटं बोलत असेल, मापक तरी बोलणार नाही.

पुढच्या खेपेला तिने एकटी वीट घेतली नाही. बोटीवर असतात तशा जुन्या विटा लोखंडी पेटीत एकमेकींना चिकटवून रचल्या आणि खालच्या थराला पुरेल इतकंच पाणी ओतलं. विटांच्या कडांवरची साय केसाएवढ्या रेषांनी तडकली होती. वारंवार फुगून, आकसून आणि लाटांवर एकमेकींवर घासून ती तडकणारच होती. पाणी त्या फटींतून आत शिरलं. अमोनियाला हाकलून मिठाने पाणी धरलं आणि तसं करताना ते तापलं. ती ऊब वरच्या विटेला लागली. वरच्या विटेने आपला अमोनिया सोडला. मग तिच्या वरच्या विटेने. इंजिनाच्या उबेवर हळूहळू व्हायचं काम पेटीत एकदम होऊ लागलं. मापकाचा आकडा चढत चढत शेवटी मावेनासा झाला आणि शेडच्या बाहेर बसलेला कुत्रा केकाटत पळाला.

एकटी वीट निर्धोक होती. धोका विटांच्या शेजारात होता. प्रयोगशाळेत विटा एकेक करून तपासल्या होत्या, कोरड्या आणि स्वच्छ हवेत.

---

संस्थेच्या सभेत तिने हे सगळं सांगितलं. आकडे दाखवले, तडकलेली वीट दाखवली. ओवी रत्नागिरीहून आली होती, टेबलाच्या पलीकडे बसली होती.

"आम्ही ही साय हजारो वेळा तपासली आहे," ओवी शांतपणे म्हणाली. "ताईने... शाल्मलीमॅडमनी विटा कशा हाताळल्या, किती काळ उघड्या ठेवल्या, याची काहीच नोंद नाही. पेटी बंद होती. बोटीच्या खणाला झरोके असतात."

"पाऊस-वाऱ्यात झरोके लावून घेतात," शाल्मली म्हणाली. "एखाद्या बोटीवर तरी जाऊन पाहिलंस का तू? की फक्त हार घालून घ्यायला येतेस?"

खोबरेकर अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे," ते म्हणाले. "पण टाकी बंद होतेय, त्यामुळे तुमच्या मनाला काय वाटत असेल हेही आम्ही समजू शकतो."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिने भोवती पाहिलं तेव्हा कुणाच्याच डोळ्यांत राग नव्हता. सगळ्यांना तिची कीव येत होती.

ओवीने तिला बाहेर गाठलं. "ताई, माझं काही चांगलं झालेलं तुला एकदा तरी बघवलं का गं?"

शाल्मलीने तोंड उघडलं. 'असं काय बोलतेस' म्हणायचं होतं, पण ते शब्द आलेच नाहीत. ओवी थोडा वेळ वाट बघून गाडीत बसली.

घरी नचिकेतने सगळं ऐकून घेतलं.

"तू म्हणतेस ते खरं आहे," तो म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही, पण तू खोटे आकडे दाखवणार नाहीस हे कळतं. फक्त, बोलताना तुझा चेहरा कसा असेल तेही मला दिसतंय."

"चेहऱ्याचा काय संबंध? आकडे आकडे असतात."

"आकडे कोण सांगतं ते माणसं आधी बघतात, शाल्मली."

ती गच्चीवर जाऊन उभी राहिली. समोर संध्याकाळच्या उन्हात बोटी परतत होत्या. तिला वाटलं, आपण सांगितलं, आपलं काम संपलं. आता नुसती वाट बघायची. एक ना एक दिवस एखादी बोट... मग सगळे धावत येतील. खोबरेकर येतील. मुखवटा लावून आपण खणाच्या तोंडाशी उभ्या असू, आणि ओवी मागे उभी असेल, पांढरीफटक पडलेली. ओवी काय म्हणेल तेही तिला ऐकू आलं. आपण तिला जवळ घेऊ, मोठेपणाने.

हे चित्र इतकं तपशीलवार होतं की ती दचकली. त्यात कुणीतरी मेलेलं होतं. ते कोण होतं, पास्कल की दिगू, इकडे तिने लक्षही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रत्नागिरीला ओवीच्या प्रयोगशाळेत गेली. न सांगता आलेल्या बहिणीकडे बघून ओवी उठलीसुद्धा नाही.

"भांडायला आले नाहीये," शाल्मली दारातूनच म्हणाली. "तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला आले. नाही बघवत. बरीच वर्षं झाली, नाही बघवत मला. मी लपवायचे, तुला कळत नसेल असं वाटायचं."

ओवीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. माझे आकडे घेऊ नकोस. फक्त एक दिवस दिगूच्या बोटीवर चल. मी एक शब्द बोलणार नाही. तू बघ, तू मोज, आणि तुला जे दिसेल ते तुझं. माझं नाव कुठे यायला नको."

"आणि काहीच दिसलं नाही तर?"

"तर मी तुझ्याकडे रजेचा अर्ज देईन."

ओवीला हसायचं नव्हतं, पण ओठ हललेच.

---

बोट सकाळी निघाली तेव्हा ओवीने पाऊल टाकताच नाक मुरडलं. "वास आहे," ती म्हणाली आणि वहीत टिपून घेतलं. शाल्मली गप्प राहिली. तिने मुखवटा आणि पोशाख बरोबर आणला होता. दिगूने तो पाहिला, पण या वेळी तो काही बोलला नाही.

दुपारपर्यंत दोनदा जाळं टाकून झालं. बांगडा भरपूर लागला. वारा वाढला, लाटा उंचावू लागल्या, तसे दिगूने खणाचे झरोके लावून घेतले. पाणी आत जाऊ नये म्हणून कुणीही तेच केलं असतं. तरी ते थोडं गेलंच होतं.

"आता वास येतोय?" शाल्मलीने विचारलं. तेवढं विचारल्यावाचून तिला राहवलं नाही.

ओवीने श्वास घेतला. "नाही. सकाळी होता. आता गेला."

शाल्मलीने मापक तिच्या हातात दिलं. ओवीने आकडा पाहिला. सकाळच्या कितीतरी पट होता आणि तिच्या डोळ्यांदेखत चढत होता. तिने पुन्हा श्वास घेतला, जणू नाकाला शेवटची संधी देत होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मला काहीच कळत नाहीये."

तेवढ्यात बोटीच्या मागच्या अंगाला खणाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. पास्कल पाणी उपसायला खाली उतरत होता.

"पास्कल! नको!" शाल्मली ओरडली. पण इंजिनाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेलं नाही, आणि नाक तर त्याला केव्हाचं काही सांगत नव्हतं.

त्याची किंकाळी आली ती अर्धवटच. मग खोकला, मग लोखंडी शिडीवर पाय आपटल्याचा आवाज. खणाच्या तोंडातून पांढरं धुकं बाहेर लोळू लागलं.

"दिगूदादा, बोटीचं तोंड वाऱ्याकडे कर! सगळे पुढे, नाळेवर जा! कुणी मागे येऊ नका!"

दिगूने सुकाणू फिरवलं. बोट वाऱ्याला सामोरी झाली, तसं धुकं माणसांपासून दूर, मागे समुद्रावर वाहू लागलं. शाल्मलीने मुखवटा चढवला, हातमोजे ओढले आणि खणाच्या कडेला पालथी पडली. ती आत उतरली नाही. आत उतरलेला दुसरा माणूसच आधी मरतो, हे ती इतकी वर्षं शिकवत आली होती. तिने हात खाली घातले, शिडीवर आंधळ्यासारखा चाचपडणाऱ्या पास्कलची काखोटी धरली आणि सगळा जीव एकवटून त्याला वर खेचलं.

नाळेवर आणून तिने त्याला उताणं केलं. तो डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी चेहरा झाकून तडफडत होता.

"ओवी, पिण्याच्या पाण्याचा पाइप आण! त्याच्या पापण्या उघड."

"त्याला दुखतंय, ताई—"

"दुखू दे. उघड!"

ओवीने दोन्ही अंगठ्यांनी त्याच्या पापण्या उघडून धरल्या. शाल्मली पाणी सोडत राहिली, कपाळावरून, नाकाच्या बाजूने, आधी एका डोळ्यात मग दुसऱ्यात. पास्कलने आईला हाका मारल्या, शिव्या दिल्या, ओवीच्या मनगटाला नखं रुतवली. दोघी थांबल्या नाहीत. दोघा खलाशांनी त्याचे भिजलेले कपडे कापून काढले. त्याची छाती घरघरत होती, पण श्वास चालू होता.

आणि त्या पाण्याच्या आवाजात, त्या किंकाळ्यांत, शाल्मलीच्या आत काहीतरी उसळून वर आलं. मी बरोबर होते. ते शब्द तिला स्पष्ट ऐकू आले. तो आनंद होता, निखळ, उघडावाघडा आनंद. तिचे हात मात्र पास्कलच्या डोळ्यांवर पाणी सोडत राहिले.

ओवीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मुखवटा आता निघालेला होता, चेहरा उघडा होता. तिला काय दिसलं असेल ते तिने कधी सांगितलं नाही.

---

पास्कल वाचला. आठवडाभर तो तालुक्याच्या दवाखान्यात होता. उजव्या डोळ्यापुढे काही महिने धुरकट दिसत राहिलं, पण दृष्टी राहिली. पाणी लगेच मिळालं नसतं तर दोन्ही डोळे गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

ओवीने त्याच आठवड्यात स्वतः होऊन प्रकल्प थांबवला. किनाऱ्यावरच्या सगळ्या विटा परत मागवल्या. पत्रकारांसमोर तिने विटांचे थर, तडकलेली साय, सरावलेलं नाक, सगळं स्वच्छ सांगितलं. "ही चूक मी केली. ती माझ्या बहिणीला सापडली, आणि मी तिचं ऐकलं नाही," असंही सांगितलं. माझं नाव येऊ नये, ही शाल्मलीची अट तिने मुद्दाम मोडली.

पण माणसांनी त्यातलं आपल्याला हवं तेच ऐकलं. स्वतःची चूक जगापुढे मान्य करणारी शास्त्रज्ञ! असा प्रांजळपणा आजकाल कुठे दिसतो? पूर्वी ओवीचं कौतुक होत होतं, आता तिच्याबद्दल आदर वाटू लागला. शाळांच्या कार्यक्रमांना तिला बोलावणी येऊ लागली. खोबरेकर अध्यक्ष भर बाजारात शाल्मलीला म्हणाले, "काय बहीण आहे तुमची! चुकली तरी मोठीच."

"हो ना," शाल्मली म्हणाली. त्या दिवशी तिने नचिकेतशी विनाकारण भांडण काढलं.

बोटी पुन्हा टाकीवर आल्या. शाल्मलीने नवा नियम केला. नाकावर कुणी विसंबायचं नाही, प्रत्येक बोटीवर आणि प्रत्येक खणात मापक हवं, आणि ते ओरडलं की वास येवो न येवो, वर यायचं. तो नियम पुढे सगळ्या किनाऱ्याने उचलला. तो कुणी केला, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर ओवीचा फोन आला. "ताई, नवी वीट झालीये. साय आता रबरासारखी ताणते. थरांमध्ये ऊब शोषणारा पडदा घातलाय. मला वाटतं, जमलंय."

"अभिनंदन," शाल्मली म्हणाली. तिच्या पोटात दुखलं, नेहमीच्याच जागी.

"अभिनंदन नको. पहिली खेप मी तुझ्याकडे पाठवतेय. फोडून दाखव."

"मी? तुझ्याकडे एवढी माणसं आहेत की."

"आहेत. हुशार आहेत, मन लावून काम करतात. पण त्यांतल्या प्रत्येकाला ही वीट टिकावी असं वाटतं, ताई. मलाही. म्हणून तर मागच्या वेळी आम्हाला काही दिसलं नाही. जिला ती फुटलेली बघायचीय अशी व्यक्ती मला एकच माहीत आहे."

शाल्मलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं. पण ओवीच्या आवाजात टोचणी नव्हती. होती ती फक्त माहिती, एका रसायनाचा गुणधर्म सांगावा तशी.

"आणि नाही फुटली तर?" शाल्मलीने विचारलं.

"तू पूर्ण प्रयत्न करून नाही फुटली, तरच मी ती बोटीवर ठेवेन."

विटा दोन दिवसांनी आल्या. शाल्मलीने सकाळीच शेड उघडलं. पेटीत विटा ओळीने रचल्या. बोटीच्या तळाचं पाणी ओतलं, त्यात माशांचं रक्त मिसळलं, वर उन्हात तापलेलं लोखंड ठेवलं, झाकण घट्ट लावलं. ओवीने ज्याचा विचार केला नसेल असं आणखी काय करता येईल, हे तिने चहा पिता पिता आठवून पाहिलं आणि तेही केलं. मग मापक समोर मांडून ती स्टुलावर बसली.

आकडा हलला नाही. संध्याकाळ होत आली तरी हलला नाही.

शाल्मली उठली, कंबर ताणली, आणि बंदरावरचा सगळ्यात जड हातोडा घेऊन परत आली.